बुलेटची किक मध्येच सटकते आणि खर्र आवाज येतो: दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

जुनीफटफट

नमस्कार. माझ्याकडे वडिलांची १९७६ सालची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे. वडील गेल्यानंतर सहा वर्षे ती साताऱ्याच्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीत टायर, बॅटरी आणि कार्ब्युरेटर एवढे काम करून मी ती रस्त्यावर आणली. इंजिन उत्तम आहे, धूर नाही. अडचण सुरू करतानाच येते.

दर पाच-सहा किकांमागे एखादी किक अर्ध्यातच सटकते. पाय एकदम खाली जातो, गुडघ्याला हिसका बसतो आणि गिअरबॉक्समधून कोणीतरी दात-ओठ खावेत तसा खर्र-कट्ट आवाज येतो. त्यानंतरची किक पुन्हा व्यवस्थित बसते. याशिवाय गाडी चालू असताना उजव्या पायाखालून बारीक टकटक ऐकू येते, पण ती नेहमी नसते. हे दोन्ही आवाज एकाच दुखण्याचे आहेत की निरनिराळे, तेही मला कळत नाही.

गावातल्या एका मिस्त्रींच्या मते क्लचप्लेटा संपल्या आहेत. दुसऱ्यांनी दोन किका ऐकल्या आणि गिअरबॉक्स पूर्ण उतरवून सगळे गिअर बदलावे लागतील असे सांगितले. पहिला उपाय स्वस्त आहे म्हणून तो आधी करावा, हे मनाला पटत नाही. गिअरबॉक्स न उघडता दोष नेमका कुठे आहे हे ओळखण्याची काही रीत आहे का?

पोटरीबहाद्दर

रीत सोपी आहे. किक सटकल्यावर गुडघा दुखला तर दोष गिअरबॉक्सचा, आणि शेजारी हसले तर दोष नशिबाचा. विनोद बाजूला ठेवून एक विचारतो. किकचा दांडा शाफ्टवर घट्ट आहे ना? माझ्या गाडीत दांड्याचा बोल्टच सैल होता आणि दांडा शाफ्टवर घसरत होता. दांडा आणि शाफ्ट या दोघांवरून खडूची एक सरळ रेघ ओढा आणि किक सटकल्यावर ती तुटली का ते पाहा.

निवृत्त_फोरमन

पोटरीबहाद्दर यांची सूचना हसण्यावारी नेऊ नये. मीही तिथूनच सुरुवात केली असती. रेघ जागेवर राहिली, तर पुढचे वाचावे.

या गाडीत किकचा जोर इंजिनापर्यंत कोणत्या वाटेने जातो हे डोळ्यांसमोर असले की निम्मे निदान आपोआप होते. जुन्या चार गिअरच्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा आहे आणि त्याची रचना मूळची बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीची आहे. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, तेव्हा गाडीबरोबर हा गिअरबॉक्सही इकडे आला आणि पुढे कित्येक दशके फारसा न बदलता बनत राहिला. त्यात किकच्या शाफ्टच्या आतल्या टोकाला एक छोटा पॉल, म्हणजे दात्यात अडकणारा खटका असतो, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे ‘कुत्रा’ म्हणतात. त्याच्यामागे त्याला बाहेर ढकलणारी खुंटी, म्हणजे प्लंजर, आणि बारीक स्प्रिंग असते. किक दाबली की हा कुत्रा बाहेर येतो आणि लेशाफ्टवरच्या (गिअरबॉक्समधल्या दुय्यम शाफ्टवरच्या) पहिल्या गिअरच्या पोटात कापलेल्या रॅचेटच्या, म्हणजे एकाच दिशेने अडकणाऱ्या, दात्यांत अडकतो. तो गिअर मेनशाफ्टला, म्हणजे मुख्य शाफ्टला, फिरवतो, मेनशाफ्ट क्लचला फिरवतो, क्लच त्याला इंजिनाशी जोडणारी प्रायमरी चेन ओढतो आणि तेव्हा कुठे क्रँक फिरते.

म्हणजे किक ‘सटकण्या’च्या जागा दोन आहेत. एक कुत्रा आणि रॅचेट यांच्यामध्ये, दुसरी क्लचमध्ये. क्लच घसरतो तेव्हा पाय लोण्यात बुडाल्यासारखा मऊपणे खाली जातो आणि आवाज जवळजवळ होत नाही. कुत्रा दात्यावरून निसटतो तेव्हा खट्टकन हिसका बसतो. आपण केलेले वर्णन दुसऱ्या प्रकारात मोडते. तरी केवळ कानावर विसंबून गाडी उघडू नये.

दोनठोके

माझ्या यामाहा आरएक्स १०० लाही अगदी असाच खर्र आवाज येत होता. किक शाफ्टवरच्या गिअरची क्लिप सैल झाली होती. ती थोडी दाबून घट्ट केली आणि आवाज थांबला. जुनीफटफट यांनीही आधी क्लिप पाहावी.

निवृत्त_फोरमन

दोनठोके, आपला अनुभव खरा आहे, पण तो या गाडीला लागू होत नाही. आरएक्समध्ये किकचा गिअर पिळदार आट्यांवर सरकून पुढच्या गिअरला जाऊन भिडतो, आणि सरकताना तो नुसताच फिरू नये म्हणून त्याला क्लिपने धरलेले असते. क्लिप सैल झाली की गिअर नीट भिडत नाही आणि दाते दात्यांवर घासतात. शिवाय तिथे किकचा जोर क्लचच्या बाहेरच्या डब्याला मिळतो. म्हणूनच आरएक्स क्लच ओढून कोणत्याही गिअरमध्ये सुरू करता येते. बुलेटमध्ये ही सोय नाही, कारण तिथे किकची वाट क्लचच्या आतून जाते. आवाज सारखा असला तरी दोन्ही यंत्रे वेगळी आहेत.

येझदीवाला

आमच्या येझदीत तर गिअरचा दांडा आत दाबून फिरवला की तोच किकचा दांडा होतो, त्यामुळे एकाच दुखण्यात दोन्ही गोष्टी हातून जातात. पण इथे प्रश्न बुलेटचा आहे, म्हणून मी केवळ वाचत बसतो.

सौदामिनी

मूळ प्रश्न ‘न उघडता कसे ओळखायचे’ हा आहे, आणि त्याचे उत्तर निवृत्त_फोरमन यांनी सांगितलेल्या वाटेतच दडलेले आहे. ही चाचणी मी माझ्या गाडीवर आणि नंतर आणखी दोघांच्या गाड्यांवर केली आहे.

इंजिन बंद ठेवा, चावी काढा आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाका. क्लचचा लिव्हर दाबून हँडलला बांधून ठेवा, म्हणजे क्लच सुटलेला राहील. आता कोणाला तरी मागचा ब्रेक घट्ट दाबायला सांगा. बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला आहे, त्यामुळे मदतनिसाला डावीकडे उभे करणे सोयीचे पडते. टॉप गिअरमध्ये मेनशाफ्ट आणि चेनचे पुढचे चक्र एकजीव असतात, म्हणून मागचे चाक अडवले की मेनशाफ्टही अडतो आणि त्याच्याबरोबर रॅचेटचा गिअरही. क्लच आणि इंजिन या वाटेतून पूर्ण बाहेर राहतात. आता किकवर पाय ठेवून हळूहळू भार द्या, लाथ मारू नका. चेनमध्ये ढील असेल तेवढा दांडा थोडा हलेल आणि मग भिंतीला टेकल्यासारखा थांबेल. तो तसा थांबला तर कुत्रा धरतो आहे. तो खट्टकन निसटला, तर दोष कुत्र्याचा किंवा रॅचेटचा आहे आणि त्यात क्लचचा काडीमात्र संबंध नाही.

एवढ्यावर थांबू नका. क्लच बांधलेलाच ठेवून ब्रेक सोडा, गाडी टॉप गिअरमध्येच चार बोटे पुढे ढकला आणि पुन्हा भार द्या. असे दहा-बारा वेळा करा, म्हणजे कुत्रा दर वेळी वेगळ्या दात्यावर बसेल. प्रत्येक जागी निसटत असेल तर कुत्र्याची धार गेली आहे किंवा स्प्रिंग मेली आहे. ठरावीक जागीच निसटत असेल तर तिथला दाता उडाला आहे. आपली किक पाच-सहांतून एकदाच सटकते, यावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

टकटकीसाठीही एक सोपी परीक्षा आहे. इंजिन न्यूट्रलमध्ये मंद चालू असताना टकटक येत असेल, तर किकचा दांडा पायाने किंचित वर, म्हणजे त्याच्या विसाव्याच्या जागेकडे ढकला. आवाज थांबला तर समजा की दांडा पूर्ण परत येत नाही आणि कुत्रा रॅचेटवर घासत राहतो. ही टकटक इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते, गाडीच्या वेगाबरोबर नव्हे, आणि न्यूट्रलमध्ये क्लच ओढला की मेनशाफ्ट मंदावल्यामुळे विरत जाते.

घाटवाट

मी या मताशी पूर्ण सहमत नाही. माझ्या १९८२ च्या गाडीत असाच हिसका बसत असे आणि शेवटी दोष क्लचचाच निघाला. प्लेटांवर तेल चढले होते. क्लच एकदम न घसरता आधी धरून मग सुटत होता, त्यामुळे पायाला हिसकाच जाणवत होता. बुलेटचे प्रायमरी कव्हर मधल्या एकाच नटावर बसते. तो सोडवला की कव्हर हातात येते आणि किक मारताना क्लचच्या डब्यावर नजर ठेवून काय घसरते आहे ते डोळ्यांनी दिसते. आधी ते पाहणे गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

सौदामिनी

घाटवाट, आपण म्हणता ती शक्यता नाकारण्यासाठीच तर ही चाचणी आहे. क्लच वाटेत नसताना किक सटकली तर कव्हर उघडण्याचे कारणच उरत नाही, आणि सटकली नाही तर आपला मार्ग बरोबर ठरेल. दोन्ही बाजूंनी फायदा जुनीफटफट यांचाच आहे.

जुनीफटफट

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी भाच्याला ब्रेकवर उभे करून चाचणी केली. खडूची रेघ जागेवर राहिली, म्हणजे दांडा घट्ट आहे.

गाडी चार-चार बोटे पुढे सरकवत बारा वेळा भार दिला. नऊ वेळा दांडा दगडासारखा थांबला. दोन वेळा खट्टकन निसटला आणि एकदा आधी धरून, मी पूर्ण वजन टाकल्यावर, निसटला. भाच्याने ब्रेक सोडला असेल असे मला आधी वाटले, म्हणून चाकाच्या आऱ्यांत लाकडी दांडका अडकवून पुन्हा केले. तरीही तेच झाले. त्यामुळे क्लच निर्दोष आहे असे मी मानतो.

टकटकीची परीक्षाही केली. दांडा अर्धा इंच वर ढकलताच आवाज बंद झाला आणि पाय काढताच पुन्हा सुरू झाला. घरातली मंडळी म्हणाली की हे ऐकायला तू सहा महिने लावलेस.

आता गिअरबॉक्स उघडावा लागणार हे दिसते आहे. केवळ कुत्रा बदलला तर चालेल की रॅचेटचा गिअरही बदलावा?

लेथमास्तर

मी कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि असे कुत्रे महिन्या-दोन महिन्यांत एखादा तरी हातात येतो. कुत्र्याची धार गोल झाली असेल आणि दाते शाबूत असतील, तर ऑइलस्टोनवर धार सरळ करून घेता येते. मात्र ग्राइंडरवर धरू नये. त्या पोलादाला वरच्या थराचेच पाणी दिलेले असते, म्हणजे वरचा थरच कडक केलेला असतो. चाकावर ते क्षणात निळे पडते आणि निळे पडले की पाणी उतरले असे समजावे. मग तो कुत्रा दोन महिने चालतो आणि पुन्हा गोल होतो.

दाता उडाला असेल तर गिअर बदलणे हाच मार्ग आहे. काही जण दात्यावर वेल्डिंग भरून कानशीने आकार देतात. मीही पूर्वी देत असे. आता कोणी तसे आणले तर परत पाठवतो.

पोटरीबहाद्दर

मी भरून घेतलेला दाता चार वर्षे चालला होता, हे नम्रपणे नमूद करतो.

लेथमास्तर

चार वर्षे चालला, ही आपल्या पोटरीची आणि त्या वेल्डरच्या हाताची पुण्याई. भरलेला दाता तुटला तर तुकडा तेलात पडतो आणि गिअर तो चावतो. मग केवळ एक गिअर बदलून भागत नाही. शिवाय रॅचेटच्या आत वेल्डिंगची उष्णता गेली की बाहेरच्या बाजूचे गिअरचे दातेही मऊ पडण्याचा धोका असतो, आणि पहिल्या गिअरवरच सगळ्यात जास्त भार येतो. एवढ्या पैशांच्या बचतीसाठी मी तो धोका पत्करणार नाही.

आणखी एक गोष्ट. झिजलेल्या रॅचेटवर नवा कोरा कुत्रा बसवला, तरी तो सगळ्या दात्यांवर सारखा बसेलच असे नाही. नवी वस्तू टाकली तरी किक का सटकते, असे विचारत पुष्कळ लोक येतात, ते यामुळेच. दोन्ही एकमेकांना लावून, बोटाने फिरवून प्रत्येक दाता पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

मिडलंड्सचा_मावळा

मी गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये राहतो आणि १९५० च्या दशकातली, रेडिचला बनलेली एक बुलेट सांभाळतो. गिअरबॉक्सच्या आतली मांडणी आपल्या गाडीशी इतकी मिळतीजुळती आहे की मला मद्रासच्या गाडीचे सुटे भाग वापरूनच ती चालू ठेवता आली.

उघडण्याआधी पान्यांबद्दल एक सूचना करावीशी वाटते. या गाड्यांतले बरेच नट व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे आहेत. त्यांना मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना लावला तर पहिल्यांदा निघतात, दुसऱ्यांदा त्यांचे कोपरे गोल होतात आणि तिसऱ्यांदा छिन्नी लागते. जुनीफटफट यांच्या घरात वडिलांच्या काळातले पाने कुठेतरी असतीलच. ते शोधावेत. कव्हराचे चपट्या खाचेचे स्क्रू सोडवण्याआधी जाड पेचकस खाचेत ठेवून त्यावर हातोडीचा एक नेमका ठोका द्यावा, म्हणजे धरलेली जागा सुटते.

निवृत्त_फोरमन

मावळ्यांशी सहमत. एक भर घालतो. बाहेरचे कव्हर निघाल्यावर गिअर बदलण्याची यंत्रणा दिसेल आणि आतले कव्हर काढण्याआधी ती बाजूला करावी लागेल. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर छायाचित्र घ्या आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. माझ्या उमेदवारीत मोबाइल नव्हते, तार होती, आणि आजही मी तारेवरच अधिक विश्वास ठेवतो. या कामासाठी क्लच उतरवण्याची गरज नाही. सगळे उजवीकडूनच होते.

जुनीफटफट

रविवारी उघडले. माळ्यावर वडिलांची खाकी पिशवी सापडली. तिच्यात पानेही होते आणि तेलकट कागदात गुंडाळलेली एक जुनी किक स्प्रिंगही होती. त्या स्प्रिंगचा उलगडा पुढे झाला.

तळाशी पसरट तसराळे ठेवून गिअरबॉक्स रिकामा केला. जे निघाले त्याला तेल म्हणता येणार नाही. काळसर, घट्ट, गुळाच्या काकवीसारखे ग्रीस होते, आणि ते बाहेर यायला पाऊण तास लागला. तसराळ्यात चुंबक फिरवला तेव्हा त्याला तांदळाच्या कणीएवढा एक चकचकीत तुकडा चिकटला. त्याची एक बाजू धारदार आणि दुसरी खरबरीत तुटलेली होती.

आतले कव्हर निघाले आणि त्याबरोबर किक शाफ्टही हातात आला. कुत्रा त्याच्या खाचेत अर्धवट आत बसलेला होता. अंगठ्याने दाबला तर आत गेला, पण सोडल्यावर बाहेर आलाच नाही. मागचा प्लंजर जुन्या ग्रीसने जागीच धरून ठेवला होता. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्यावर तो उघड-मीट करू लागला. कुत्र्याची धार भिंगाखाली पाहिली. टोक गोलसर झाले आहे आणि एका कोपऱ्यावर आरशासारखी चकाकी आहे. गिअरच्या पोटात पाहिले तर दोन शेजारचे दाते तुटलेले आहेत आणि तिसऱ्याचा कोपरा उडालेला आहे. चुंबकाला चिकटलेला तुकडा त्या तिसऱ्यावर ठेवला, तो तंतोतंत बसला. उरलेल्या दोघांचे तुकडे सापडले नाहीत. कदाचित पूर्वी कधी तेल बदलताना गेले असतील.

किकची परतीची स्प्रिंग कोणीतरी एक वेढा कापून, टोक पुन्हा वाकवून बसवलेली होती. पिशवीतल्या जुन्या स्प्रिंगचे टोक तुटलेले होते. म्हणजे वडिलांच्या किंवा त्यांच्या मिस्त्रीच्या काळात मूळ स्प्रिंग तुटली आणि दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची कापून बसवली गेली. ती दांडा शेवटच्या अर्ध्या इंचात ओढत नव्हती. टकटकीचा उगम तिथे होता.

सौदामिनी

आपल्या चाचणीत बारांपैकी तीन जागी किक सटकली होती, त्यांपैकी एकदा आधी धरून. दोन पूर्ण तुटलेले दाते आणि एक कोपरा गेलेला, हे त्याच्याशी चांगले जुळते. असे निदान जमले की मला फार बरे वाटते.

दोनठोके

तो प्लंजर चिकटणे म्हणजे नेमके काय, हे माझ्यासारख्याला कळले नाही. ग्रीस तर वंगण असते ना?

निवृत्त_फोरमन

ग्रीस वंगणच असते, पण प्लंजरसारख्या बारीक भोकात ते वर्षानुवर्षे बसले की त्यातले तेल उडून जाते आणि साबणासारखा गोळा उरतो. थंडीत सकाळी तो आणखी घट्ट होतो. मग स्प्रिंग कुत्र्याला पूर्ण बाहेर ढकलू शकत नाही, कुत्रा दात्याच्या मुळाशी न बसता टोकावर बसतो, आणि सगळा जोर दात्याच्या सर्वांत नाजूक भागावर येतो. दाता तुटण्याला हे एक निमित्त झाले. परंतु मला वाटते की खरे कारण यापलीकडे आहे. निरोगी दाता केवळ पायाच्या जोराने तुटत नाही. जुनीफटफट, ही गाडी कधी उलटी किक मारते का?

जुनीफटफट

मारते. महिन्यातून दोन-तीनदा तरी. बुलेट म्हटली की ते चालायचेच, असे मी समजत होतो.

निवृत्त_फोरमन

तो समज सोडून द्यावा, कारण दात्यांवरचा सर्वांत मोठा आघात तिथेच होतो. पायाने ढकलताना कुत्रा दात्याला अडकलेला असतो, आणि त्याच क्षणी ठिणगी लवकर पडून पिस्टन मागे फिरला, तर इंजिनाचा पूर्ण तडाखा उलट दिशेने त्या कुत्र्याच्या टोकावर येतो. नवा गिअर आणि नवा कुत्रा टाकून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तसेच ठेवले, तर वर्षाने आपण पुन्हा इथेच लिहाल.

टायमिंग असे पाहावे. प्लग काढा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा आणि प्लगच्या भोकातून उभी सरळ सळई घालून खूण करा. ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणारी वजने) पूर्ण मिटलेला असताना पॉइंट (ज्यांच्या उघडण्याने ठिणगी पडते) उघडण्याची सुरुवात वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी झाली पाहिजे. त्याआधी पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी करून घ्या, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते. ऑटो ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा ताणल्या गेल्या असतील तर वजने मिटतच नाहीत आणि किकच्या वेळीच ठिणगी पुढे सरकलेली असते. तेही हाताने फिरवून पाहा.

घाटवाट

फोरमनसाहेब टायमिंगचे म्हणतात ते मान्य, पण अर्धा दोष किक मारण्याच्या पद्धतीचाही असतो. हल्ली पुष्कळ जण वरूनच दांड्यावर उडी घेतात. दांडा आधी हळूच दाबून कुत्रा दात्यात बसू द्यावा. अँपिअरच्या काट्याकडे पाहत दाबत जावे. काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून पिस्टन किंचित पुढे न्यावा, डिकॉम्प्रेसर सोडावा, दांडा वर येऊ द्यावा, पुन्हा हळूच टेकवावा आणि मग शेवटपर्यंत एक सलग किक द्यावी. परत येताना दांड्याला मोकळा सोडू नये, पायाबरोबर वर आणावा. मोकळा सोडलेला दांडा आतल्या थांब्यावर हातोड्यासारखा आदळतो.

येझदीवाला

घाटवाट यांनी आता जे लिहिले ते मी लग्नाआधी शिकलो असतो तर सासऱ्यांसमोरची एक फजिती टळली असती. गाडी त्यांची होती आणि बुलेट होती.

जुनीफटफट

टायमिंग पाहिले. पॉइंट वरच्या टोकाच्या जवळजवळ २ मिमी आधी उघडत होते. ऑटो ॲडव्हान्सची एक स्प्रिंग निघून पडलेली होती आणि दुसरी च्युइंगगमसारखी लोंबत होती. दोन्ही बदलल्या आणि ०.८ वर आणून ठेवले.

पहिला गिअर, कुत्रा, प्लंजर, त्याची स्प्रिंग आणि किकची परतीची स्प्रिंग, एवढे पुण्याला नाना पेठेत दोन दुकाने फिरून आणले. पहिल्या दुकानातला गिअर मी तिथेच कुत्र्यासह बोटांवर फिरवून पाहिला. एका दात्यावर कुत्रा वरच राहत होता, म्हणून तो घेतला नाही. दुकानदार म्हणाले की असे तपासणारे गिऱ्हाईक वर्षातून एखादेच येते. हे कौतुक होते की तक्रार, ते मी विचारले नाही.

आता शेवटचा प्रश्न आहे. गिअरबॉक्समध्ये काय भरू? ग्रीसने प्लंजर धरला, मग घट्ट तेलच भरावे का?

लेथमास्तर

तेल भरा. ते सगळीकडे पोचते आणि काही धरून ठेवत नाही.

पोटरीबहाद्दर

तेल भरा, म्हणजे पडवीतल्या फरशीलाही ते पोचेल.

निवृत्त_फोरमन

दोघांचेही बरोबर आहे. या गिअरबॉक्सला पूर्वी पातळ ग्रीसच भरले जात असे, कारण मेनशाफ्टच्या टोकाकडून पातळ तेल झिरपते. दोष ग्रीसचा नव्हता, ते वर्षानुवर्षे न बदलण्याचा होता. ताटात ओतले की स्वतःहून पसरेल इतके पातळ गिअरचे ग्रीस घ्यावे. बेअरिंगचे घट्ट ग्रीस मात्र यात कधीही भरू नये. ते गिअर फिरल्यावर बाजूला फेकले जाते आणि तिथेच राहते, आणि गिअर मध्ये कोरडे फिरतात. बसवण्याआधी प्लंजर आणि कुत्र्याला केवळ इंजिन ऑइलचा थेंब द्यावा.

मिडलंड्सचा_मावळा

मी घट्ट गिअर ऑइल भरतो आणि दर रविवारी खाली पत्र्याचे झाकण ठेवतो. ती पद्धत मी कोणालाही सुचवत नाही, केवळ आपली रीत सांगितली.

जुनीफटफट

पातळ ग्रीस भरले. सोमवारी सगळे जोडले. तारेत ओवलेले वॉशर क्रमाने बसले आणि एकही उरला नाही, हे मला स्वतःलाच खरे वाटत नव्हते.

जोडल्यावर इंजिन सुरू न करता सौदामिनी यांची चाचणी पुन्हा केली. गाडी थोडी थोडी सरकवत पंधरा वेळा भार दिला आणि पंधराही वेळा दांडा भिंतीला टेकल्यासारखा थांबला. मग घाटवाट यांच्या पद्धतीने, काट्याकडे पाहत, सुरू केली. दुसऱ्या किकेला सुरू झाली. आई आत स्वयंपाकघरात होती. ती एवढेच म्हणाली की तुझ्या बाबांना तीन लागायच्या. गेल्या आठ दिवसांत वीस-पंचवीस किका झाल्या आहेत. एकदाही सटकली नाही, एकदाही उलटली नाही आणि चालवताना टकटक नाही.

मात्र रात्रभर उभी ठेवल्यावर किक शाफ्टच्या खाली रुपयाएवढा तेलकट डाग पडतो. कव्हराचे गॅस्केट नवीन आहे.

निवृत्त_फोरमन

शाफ्ट बाहेर येतो तिथले सील पाहा. जुने सील तसेच ठेवून कव्हर बसवले असेल तर तिथून झिरपतेच. त्यासाठी बाहेरचेच कव्हर काढावे लागेल, आतल्याला हात लावू नका. आणि ती कापलेली स्प्रिंग टाकून द्या, पिशवीत पुन्हा ठेवू नका.

जुनीफटफट

सील बदलायचे राहिलेच होते. येत्या रविवारी बसवतो. स्प्रिंग मात्र पिशवीतच ठेवली आहे. आईने टाकू दिली नाही.